टॉवरची वीज वाचवताना या चुका टाळा

मोबाईल टॉवरवरील रेडिओ युनिट जी वीज खाते तिचा मोठा वाटा पॉवर अॅम्प्लिफायरमध्ये जातो आणि गर्दी ओसरली तरी तो शून्यावर येत नाही. एलटीईमध्ये, म्हणजे ४जीत, तर सेलवर (टॉवरने व्यापलेल्या एका भागात) एकही ग्राहक नसताना संदर्भ सिग्नल पाठवतच राहावे लागते. म्हणून भार कमी असताना जादा कॅरिअर (एका फ्रिक्वेन्सीचा पट्टा) बंद ठेवावा, याविषयी माझे दुमत नाही. माझी तक्रार आहे ती ही सोय घाईघाईने चालू करून पहिल्याच आठवड्यात बचतीचा आलेख वरिष्ठांना पाठवणाऱ्या उतावळ्यांविषयी, कारण त्यांच्या त्याच त्या चुका नंतर सोलापुरात आम्हाला निस्तराव्या लागतात.

घड्याळ पाहून कॅरिअर बंद करणे

रात्री ११ ते पहाटे ५ या वेळेत सर्वत्र सामसूम असते, असे धरून तयार केलेला एकच साचा सगळ्या जिल्ह्याला लावला जातो. हा साचा ज्यांनी केला त्यांनी सोलापूरचा पूर्व भाग रात्री पाहिलेला नसावा. तिथे यंत्रमाग रात्रपाळीतही चालतात आणि मागांच्या खडखडाटात फोनवर बोलता येत नसल्यामुळे घरी फोन करणे, व्हिडिओ पाहणे, पैसे पाठवणे ही सगळी कामे चहाच्या सुट्टीत, एकाच वेळी उरकली जातात.

एका कंपनीच्या नेटवर्कवर नेमके हेच घडले. टॉवेलच्या एका कारखानदाराने रात्री नेट चालत नसल्याची तक्रार वारंवार केली आणि दूरच्या शहरात बसलेल्या पथकाने प्रत्येक वेळी दिवसभराची सरासरी पाहून सेल सुस्थितीत असल्याचा शेरा मारून ती निकाली काढली. कोणीतरी ड्राइव्ह टेस्टही (गाडीतून फिरून सिग्नल मोजणे) केली, पण भरदुपारी! शेवटी आम्ही मध्यरात्री तिथे गेलो, तेव्हा खांद्यावर टॉवेल टाकून फाटकापाशी उभ्या असलेल्या एका कामगाराने फोन पुढे केला. रेंज फुल्ल होती आणि स्क्रीनवर चक्र गरगरत होते. ८५० मेगाहर्ट्झचा सिग्नल भक्कम असल्याने कांड्या पूर्ण दिसत होत्या, पण १८०० चा कॅरिअर झोपवलेला असल्यामुळे सगळा भार त्या एका अरुंद पट्ट्यावर येऊन पडला होता. पंधरा मिनिटांचे काउंटर (दर पंधरा मिनिटांच्या भाराच्या नोंदी) उघडताच चहाच्या सुट्टीचे सुळके स्पष्ट दिसले. दिवसाच्या सरासरीत ते पार विरघळून गेले होते.

इथला हिशेब बहुतेक जण करत नाहीत. २० मेगाहर्ट्झच्या एलटीई कॅरिअरमध्ये १०० रिसोर्स ब्लॉक (ग्राहकांना वाटायच्या जागेचे तुकडे) असतात, तर ५ मेगाहर्ट्झच्या कॅरिअरमध्ये फक्त २५. त्यामुळे मोठ्या कॅरिअरवरचा क्षुल्लक वाटणारा १० टक्के भार, म्हणजे १० ब्लॉक, लहान कॅरिअरवर ढकलला की त्याची ४० टक्के जागा व्यापतो. आणि ८५० दूरवर पोचत असल्याने लांबच्या ग्राहकांचा भार त्याच्या डोक्यावर आधीच असतो. म्हणून बंद करायच्या कॅरिअरचा भार पाहण्याआधी मागे उरणाऱ्याचा पाहावा. मी स्वतः प्रत्येक सेक्टरचे (टॉवरच्या एका दिशेच्या भागाचे) रात्रीचे पंधरा मिनिटांचे काउंटर निदान एक पूर्ण आठवडा पाहिल्याशिवाय बचत चालू करत नाही. हे काम कंटाळवाणे आहे, आणि ज्याला ते नको असेल त्याने या सोयीला हात लावू नये.

बंद आणि चालू करण्याची मर्यादा जवळजवळ ठेवणे

१५ टक्क्यांखाली बंद आणि २० टक्क्यांवर चालू, अशी रचना केली की कॅरिअर रात्रभर झोपतो-उठतो, प्रत्येक वेळी ग्राहकांची हँडओव्हरने (एका कॅरिअरवरून दुसऱ्यावर हलवून) ढकलाढकली होते आणि कॉल तुटतात. मी दोन्ही मर्यादांत भरपूर अंतर ठेवतो आणि बंद करण्यापूर्वी भार सलग दोन मोजण्यांत कमी असावा, असा आग्रह धरतो. बचत थोडी घटते, ती घटू द्यावी.

फोनची बॅटरी वाचवताना आवाज विसरणे

फोनने अधूनमधून झोपावे यासाठीचे डीआरएक्सचे चक्र डेटासाठी लांब ठेवले तर चालते, परंतु तोच प्रोफाइल व्होएलटीईला (एलटीईवरून होणाऱ्या कॉलला) लावणे हा शुद्ध आळस आहे. आवाजाचे पॅकेट दर २० मिलीसेकंदांनी तयार होते आणि त्याला पोचायला साधारण १०० मिलीसेकंदांची मुभा असते. तिथे ३२० मिलीसेकंदांचे चक्र लावल्यावर बोलणे तुटक ऐकू येणारच. आवाजासाठी ४० मिलीसेकंदांचे वेगळे प्रोफाइल ठेवावे. पेजिंगचे (झोपलेल्या फोनने नेटवर्कची हाक ऐकण्याचे) चक्र १.२८ सेकंदांवरून २.५६ वर नेले की येणाऱ्या कॉलची घंटी उशिरा वाजते, हेही आधी ध्यानात घ्यावे.

शेतातील पंपाच्या मोबाईल स्टार्टरमध्ये एलटीई मॉड्यूल असेल, तर त्यावर पीएसएम (वीज वाचवण्यासाठी उपकरणाला गाढ झोपवण्याची सोय) चालू करू नये. त्या अवस्थेत उपकरण स्वतःहून जागे होईपर्यंत नेटवर्कला त्याच्यापर्यंत पोचताच येत नाही आणि रात्री थ्री-फेज आल्यावर शेतकऱ्याने धाडलेला आदेश वाटेतच अडकून पडतो. पाण्याच्या मीटरला मात्र पीएसएम अगदी योग्य आहे.

यात्रांची यादी न ठेवणे

जानेवारीत सिद्धेश्वर यात्रेच्या दिवसांत होम मैदानाभोवतीचे आणि आषाढी-कार्तिकीला पंढरपुरातील सर्व सेक्टर बचतीतून वगळावेत. दर्शनाची रांग रात्रभर चालते आणि चंद्रभागेवर पहाटेपासून झुंबड असते.

सकाळी कॅरिअर उठला का, हे न पाहणे

अलार्म नाही म्हणजे सेल सुरू आहे, असे समजणारे खूप भेटतात. कॅरिअर चालू दिसतो, पण त्यावर एकही ग्राहक येत नाही, असे बंद-चालूच्या खेळात अधूनमधून होते आणि त्याचा अलार्म वाजेलच असे नाही. मी सकाळी सहानंतर रात्री झोपवलेल्या प्रत्येक कॅरिअरवरील ग्राहकसंख्या पाहतो आणि जिथे ती शून्य असेल तो सेल लॉक-अनलॉक (बंद करून पुन्हा चालू) करून घेतो. तरीही शून्यच राहिली, तर त्या दिवशी कोणाला तरी साइटवर पाठवावे लागते.