लहानपणी कॅन्सरमधून वाचलेल्या बहिणीच्या आठवणी कशा जपायच्या

बहीण गेल्यावर सगळ्यात आधी सांभाळायचा तो तिचा फोन. लिहिणं-बिहिणं नंतर होईल, पण फोनचं काम थांबत नाही, कारण व्हॉट्सअ‍ॅपचं अकाउंट १२० दिवस वापरलं नाही की साधारणपणे बंद होतं, गुगलचं अकाउंट २ वर्षं नुसतं पडून राहिलं तर त्यातले फोटो, मेल सगळंच जाऊ शकतं, आणि रिचार्ज केलं नाही तर नंबर कधीतरी दुसऱ्याच कोणालातरी मिळतो. म्हणून सध्या नंबर चालू ठेवा. तुमच्या फोनमधले तिचे व्हॉइस नोट वेगळ्या फोल्डरमध्ये घ्या, नावात तारीख टाका, आणि एक कॉपी घरातल्या दुसऱ्या कोणाकडे द्या. फोटो बऱ्याच जणांकडे असतात हो, आवाज दोन-चार जणांकडेच असतो.

आता लिहायचं कुठून? माझं स्पष्ट मत आहे, आजारापासून सुरू करू नका. बहुतेक जण तेच करतात, म्हणजे निदान झालं, केमो झाली, केस गेले, बरी झाली आणि मग पुढची सगळी वर्षं दोन ओळींत उरकली. अहो पण तीच वर्षं तर तिने कमावलेली होती ना! तिची नोकरी, तिचे हट्ट, कोणाशी तिने बोलणं टाकलं आणि पुन्हा कसं जमवलं, पहिल्या पगाराचं काय केलं, ते आधी लिहून काढा, आजाराचं त्यात जिथे येईल तिथे आपोआप येतं.

माझ्या ताईला ११व्या वर्षी गुडघ्याजवळच्या हाडाचा कॅन्सर झाला होता, ऑस्टिओसार्कोमा. पाय वाचला पण आत धातूचा सांधा बसला, आणि सिस्प्लॅटिन म्हणून केमोचं औषध असतं त्याने कानावर परिणाम झाला, त्यात बारीक, वरच्या पट्टीतले आवाज आधी जातात. त्यामुळे घड्याळाची पिप-पिप तिला कधीच ऐकू यायची नाही, मोबाइल व्हायब्रेटवर टाकून उशीखाली घेऊन झोपायची. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा पाय आधी, हे फिजिओथेरपीत शिकवलेलं तिने जन्मभर पाळलं, गप्पा मारता मारता, खाली न बघता. असं लिहा. ‘हसतमुख होती, धीराची होती’ हे कोणाबद्दलही लिहिता येतं, पायरीवरचा पाय फक्त तिचाच.

उपचाराच्या काळातलं आपल्याला भावंडांना खरं तर फार कमी माहीत असतं, कारण आपल्याला तेव्हा कोणाकडे तरी ठेवलेलं असतं. ते आई-बाबांकडूनच घ्यावं लागतं. ‘तेव्हा कसं वाटलं?’ असं विचारू नका, त्याला उत्तर येत नाही, नुसते डोळे भरतात. ‘रात्री तिच्याजवळ कोण झोपायचं? सुई टोचताना ती कोणाचा हात धरायची? मी तेव्हा कुठे होते?’ असं विचारा, मग बोलणं सुरू होतं. विचारून रेकॉर्डिंग लावा, एका वेळी अर्धा तास पुरे. आईचं आणि बाबांचं जुळलं नाही तर दोन्ही लिहा, ज्याचं त्याच्या नावाने.

हॉस्पिटलची जुनी फाइल रद्दीत देऊ नका, प्लीज. कोणती औषधं, किती डोस, रेडिएशन कुठे, हे त्यातच असतं. डॉक्सोरुबिसिनसारख्या केमोच्या औषधाचा हृदयावरचा परिणाम कधी कधी कित्येक वर्षांनी दिसतो. ताई त्यानेच गेली, कॅन्सर परत आला म्हणून नाही, तरी नातेवाईक अजून ‘शेवटी कॅन्सरनेच नेलं’ म्हणतात. तुम्ही लिहिताना कारण डॉक्टरांकडून नीट समजून घ्या. आणि ही फाइल तुमच्याही कामाची आहे, बहुतेक वेळा लहान मुलांचा कॅन्सर आनुवंशिक नसतो पण काहींमध्ये टीपी५३ किंवा आरबी१ अशा जनुकातला दोष घरात चालत आलेला असतो, म्हणून एकदा जेनेटिक कौन्सेलरला, म्हणजे आनुवंशिक आजारांबद्दल सल्ला देणाऱ्यांना, दाखवून घ्या.

‘झुंज अपयशी ठरली’ हे कृपया लिहू नका. ती हरली नव्हती. ‘फायटर’ म्हटलं तरी ताई चिडायची, म्हणायची, मी अकरा वर्षांची होते, मला कोणी विचारलं होतं का लढतेस का म्हणून? तुमच्या बहिणीला कोणता शब्द चालायचा ते आठवा, तोच वापरा.

आणि सगळं सगळ्यांना दाखवायचं नसतं. कॅन्सरमधून वाचलेले बरेच जण ऑफिसमध्ये आजाराचं कधीच सांगत नाहीत. केस गेलेले फोटो तिने स्वतः कोणाला दाखवले नसतील तर तेही घरच्या कॉपीतच राहू द्या, आणि काहीही टाकण्याआधी तिच्या नवऱ्याला, मुलांना विचारा, त्यांचा हक्क आपल्याआधी.

१५ फेब्रुवारीला आंतरराष्ट्रीय बालकर्करोग दिन असतो, सप्टेंबरमध्ये बालकर्करोगाच्या जागृतीसाठी सोनेरी रिबिनी लावतात, तेव्हा काही करायचं तर जरूर करा. मला विचाराल तर तिचा वाढदिवस जास्त बरा, आणि उपचार चालू असलेल्या एखाद्या मुलाच्या भावंडासाठी काहीतरी करा, त्याचा अभ्यास घ्या, त्याला फिरवून आणा, कारण त्या घरात त्याच्याकडे बघायला कोणालाच वेळ नसतो.

जमलेलं सगळं छापून घेताना शेवटी दहा-बारा कोरी पानं ठेवायला सांगा. वाचल्यावर लोकांना हमखास काहीतरी आठवतं आणि फोन येतात, ते तिथेच लिहायचं, कोणी सांगितलं आणि कधी ते शेजारी टाकून.