आर्माडिलोवर फील्डवर्क करायचंय? आधी जमीन वाचा

'कुठला प्राणी कुठे राहतो आणि का' हा प्रश्न घेऊन अमेरिकेच्या आग्नेय भागात नऊपट्टी आर्माडिलोवर (पाठीवर पट्ट्यापट्ट्यांचं कवच असलेला सस्तन प्राणी) काम सुरू करणाऱ्यांसाठी हे लिहितेय. मी फ्लोरिडा-जॉर्जियाच्या जंगलांत हेच काम केलंय. नवीन मुलं प्राणी शोधत फिरतात. माझं सांगणं एवढंच, की आधी त्याच्या पायाखालची माती बघा.

आर्माडिलो नाक खुपसून मातीतले किडे शोधतो. त्यामुळे जिथे ओल आणि पाचोळा आहे, तिथे शंकूसारखे छोटे खड्डे हमखास सापडतात. ओढ्याकाठची रुंदपानी झाडी त्याला मानवते. थंडी मात्र सोसत नाही. शरीराचं तापमान साधारण 34 अंश, अंगावर केस नावाला, आणि जमीन गोठली की अन्न बंद. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला तो टेक्ससच्या दक्षिण टोकाला होता, आज नेब्रास्का-इलिनॉयपर्यंत पोचलाय. उत्तरेला त्याला अडवतो तो मुख्यतः हिवाळा, पश्चिमेला कोरडेपणा.

मग भक्षकांचं काय? कवच आहे म्हणून तो निर्धास्त असतो, हा समज सोडा. अंगाचा गोळा करणं फक्त दक्षिण अमेरिकेतल्या तीनपट्टी आर्माडिलोला जमतं. आपला नऊपट्टी काटेरी झुडपात घुसतो नाहीतर बिळात. पिल्लांचं कवच मऊ असतं, त्यामुळे कोयोटी (लांडग्याच्या जातीचा प्राणी) आणि बॉबकॅट (अमेरिकन रानमांजर) यांचा धोका त्यांना जास्त. पाण्याजवळ मगरींचे भाऊबंद, म्हणजे अ‍ॅलिगेटर, मोठ्यांनाही धरतात.

खरी अडचण इथेच आहे. दाट झुडपं लपायलाही उपयोगी आणि त्यांच्याखाली ओल टिकते म्हणून किडेही तिथेच. आर्माडिलो तिथे भीतीने आला की भुकेने? नुसत्या नोंदींवरून हे कळत नाही. म्हणून जागा निवडतानाच सारखी माती, सारखी झाडी, पण कोयोटीचा वावर कमी-जास्त, अशा जोड्या शोधा. यात वेळ जातो, पण पुढचं सगळं यावरच उभं असतं.

बिळं नीट बघायला शिका. तोंडाशी ताजी माती, आत ओढलेला पाचोळा असेल तर बीळ वापरात आहे. पाचोळा पुढच्या पायांनी पोटाशी धरून हा प्राणी मागे-मागे सरकत बिळात शिरतो. कॅमेऱ्यात हे दिसलं तर फार छान वाटतं! तोंडावर कोळ्याचं अखंड जाळं असेल, तर सध्या तिथे कुणाची ये-जा नाही. एकच प्राणी अनेक बिळं वापरतो, तेव्हा बिळं मोजून प्राण्यांची संख्या काढू नका.

कॅमेरा ट्रॅप, म्हणजे हालचाल होताच आपोआप फोटो काढणारा कॅमेरा, चोवीस तास चालू ठेवा. उन्हाळ्यात आर्माडिलो रात्री फिरतो, थंडीत भर दुपारी. दाट झुडपात कॅमेऱ्याला प्राणी कमी टिपता येतो, म्हणून एकाच जागी पुन्हा पुन्हा नोंद घ्या आणि विश्लेषणात 'दिसण्याची शक्यता' वेगळी धरा. नाहीतर न दिसलेला प्राणी नसलेला ठरतो.

आणि हातमोजे घाला. इथल्या काही आर्माडिलोंमध्ये कुष्ठरोगाचे जंतू असतात, त्यामुळे मेलेला प्राणीही उघड्या हाताने उचलू नका.