गळाच्या छंदाचा वार्षिक खर्च कसा मांडावा

गंगापूर, काश्यपी, वालदेवी, दारणा, मुकणे, भावली अशी धरणे एका दिवसात जाऊन येण्याच्या अंतरावर असल्यामुळे नाशिकमध्ये गळ टाकून मासे धरण्याचा छंद जोपासणे अवघड नाही. अवघड आहे ते या छंदावर वर्षाला किती पैसे जातात हे खरेपणाने सांगणे. कोणी विचारले की बहुतेक जण रॉड (गळाची काठी) आणि रील (दोर गुंडाळण्याची फिरकी) यांची किंमत सांगून मोकळे होतात. वास्तविक रॉड एकदा घेतला की चार-पाच वर्षे टिकतो, पैसे जातात ते दर रविवारी, थोडेथोडे. म्हणून खर्च वस्तूंच्या किमतीवरून न मोजता एका फेरीमागे किती पडतो या मापाने मोजावा.

हा अनुभव केवळ आपल्याकडचा नाही. अमेरिकेत मासेमारी, शिकार आणि वन्यजीव निरीक्षण या छंदांची राष्ट्रीय पाहणी होते. तिच्या २०१६ सालच्या अहवालानुसार तेथील सुमारे ३ कोटी ५८ लाख छंदी मासेमारांनी वर्षभरात सुमारे ४६ अब्ज डॉलर खर्च केले, आणि त्यातील साधारण २१.७ अब्ज डॉलर प्रवास, खाणे आणि मुक्काम अशा फेरीच्या खर्चावर, तर २१.१ अब्ज डॉलर साधनांवर गेले. त्या साधनांत तेथे बोटी आणि गाड्याही मोजल्या जातात. आपल्याकडे बोट बाळगणारे विरळाच, त्यामुळे फेरीच्या खर्चाचे पारडे आणखी जड होते.

हिशेबासाठी एक साधी वही पुरते. तिचे वर्ष दिवाळीच्या पाडव्यापासून धरावे, कारण पावसाळा सरून पाणी स्थिरावलेले असते आणि खरा हंगाम तेव्हाच सुरू होतो. वहीत तीन रकाने आखावेत: टिकाऊ साधने, झिजणारे व हरवणारे सामान, आणि फेरीचा खर्च. टिकाऊ साधनाची किंमत त्याच्या अपेक्षित आयुष्याने भागावी आणि आलेल्या आकड्याला वर्षातील फेऱ्यांनी भागावे. नवख्या माणसाला सात फुटी मध्यम ताकदीचा रॉड साधारण १,२०० रुपयांत, ३००० आकाराची स्पिनिंग रील १,५०० रुपयांत आणि मासा काठावर घेण्याची हातजाळी ५०० रुपयांत मिळते असे धरू. एकूण झाले ३,२०० रुपये. चार वर्षे वापर धरला तर वर्षाला ८०० आणि वर्षातून १६ फेऱ्या झाल्यास फेरीमागे अवघे ५० रुपये पडतात. नायलॉनचा दोर, गळ, शिसे (दोर बुडवणारे वजन), स्विव्हल (दोराला पीळ पडू न देणारा फिरता जोड) आणि तरंगा यांवर वर्षाला ८०० रुपये लागले, तर त्याचेही ५० रुपये होतात.

आता इंधन पाहू. इगतपुरीच्या बाजूच्या एखाद्या धरणावर जाऊन येण्यास सुमारे ९० किलोमीटर होतात. मोटारसायकल लिटरला ४५ किलोमीटर जात असेल, तर दोन लिटर पेट्रोल लागते. लिटरचा भाव १०५ रुपये धरल्यास हे २१० रुपये झाले. म्हणजे ज्या रॉड-रीलच्या किमतीवरून घरात वाद होतो, त्यांच्या चौपट पैसा पेट्रोलवर जातो. चाऱ्याचे ६० आणि चहा-नाश्त्याचे १०० रुपये मिळवले की एका फेरीचा खर्च ४७० रुपये आणि १६ फेऱ्यांचा ७,५२० रुपये होतो. लिटरला १५ किलोमीटर जाणारी कार एकट्याने नेल्यास इंधनच ६३० रुपयांचे होते. तिघे मिळून गेल्यास मात्र प्रत्येकी पुन्हा २१० रुपयेच पडतात. गंगापूर धरणाची फेरी ३० किलोमीटरच्या आसपास होत असल्याने तीच मोटारसायकल ७० रुपयांत जाऊन येते. घोटी-इगतपुरीकडे रेल्वेने जाण्याचाही मार्ग आहे, पण त्यासाठी चार तुकड्यांत सुटा होणारा रॉड घ्यावा, अन्यथा गर्दीच्या डब्यात त्याचे टोक शाबूत राहण्याची खात्री नाही.

झिजणाऱ्या सामानाचा रकाना सर्वांत फसवा असतो, कारण त्यातील प्रत्येक नोंद लहान दिसते. धरणांच्या तळाशी बुडालेल्या बाभळींचे खोड आणि काळ्या दगडांच्या कपारी असतात. तेथे १५० ते ४०० रुपयांचे लुअर (नकली आमिष) एका फेकीत अडकून राहते. एकाच लुअरचे पाच रंग विकत घेण्याचा मोह त्यामुळेच महाग पडतो. माझ्या मते पहिल्या वर्षी दोन लुअर पुरेत. मरळ मासा पाणवेलीच्या आडोशाला राहतो आणि तेथे गळाची टोके झाकलेला रबरी बेडूक वापरल्यास तो वेलीत कमी अडकतो. अशा ठिकाणी ब्रेडेड (विणलेल्या, अधिक मजबूत) दोराचा जास्तीचा खर्च योग्य ठरतो. मोकळ्या पाण्यात रोहू-कटल्यासाठी मात्र नायलॉन पुरेसा आहे. तळाला गळ टाकताना शिसे मुख्य दोरापेक्षा कमी ताकदीच्या छोट्या तुकड्याने बांधावे, म्हणजे ते अडकले तरी तेवढेच तुटते आणि गळ, स्विव्हल व मासा तिन्ही हाती राहतात. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत ओळख असेल तर टाकाऊ नट शिशाचे काम फुकटात करतात.

चाऱ्यावर फार खर्च करू नये. सुवासिक तयार चाऱ्याच्या पाकिटांपेक्षा कणीक आणि घाण्यावरची शेंगदाण्याची पेंड यांचा घट्ट मळलेला गोळा रोहू, कटला, मृगल यांना चांगला चालतो.

परवानगीच्या शुल्कासाठी वहीत वेगळी ओळ ठेवावी. राज्यातील अनेक जलाशयांतील मासेमारीचा ठेका मत्स्य सहकारी संस्थांकडे असतो, म्हणून जाण्यापूर्वी त्या जलाशयाच्या संस्थेकडे विचारावे, जे शुल्क असेल ते भरून पावती घ्यावी आणि धरणाची भिंत, सांडवा व पाणी उपसा केंद्र यांच्यापासून दूर बसावे. निफाड तालुक्यातील नांदूर मध्यमेश्वर हे पक्षी अभयारण्य असून २०२० मध्ये ते महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) म्हणून जाहीर झाले. तेथे गळ टाकण्याचा विचारही करू नये. लाइफ जॅकेटचे पैसे टिकाऊ साधनांतच धरावेत आणि ती खरेदी दुसऱ्या रॉडच्या आधी करावी.

दुसऱ्या रॉडचा विषय निघालाच आहे, तर त्याची कसोटीही सांगतो. वर्षअखेरीस वही उघडून फेऱ्यांची संख्या पाहावी. ठरवलेल्या १६ ऐवजी सहाच फेऱ्या झाल्या असतील, तर पहिल्याच साधनांचा फेरीमागचा भार ५० रुपयांवरून १३३ रुपयांवर गेलेला असतो. अशा वेळी नवी खरेदी करण्यापेक्षा चार फेऱ्या वाढवणे शहाणपणाचे. धरलेल्या माशांची बाजारभावाने किंमत काढून ती खर्चातून वजा करण्याची काही जणांना सवय असते. ती सोडावी, कारण त्या गणितात बाजारातला मासाच नेहमी स्वस्त ठरतो आणि लहान मासा परत सोडण्याची इच्छा उरत नाही.

जून ते ऑगस्ट हा रोहू, कटला, मृगल यांच्या प्रजननाचा काळ आहे, शिवाय धरणांतून विसर्ग सुरू असतो, म्हणून या महिन्यांत फेऱ्यांचा रकाना कोराच ठेवावा. हा वेळ देखभालीला द्यावा. रील गोड्या पाण्याने पुसून तिला तेलाचा थेंब द्यावा, ड्रॅग (मासा ओढू लागल्यावर दोर सुटू देणारा रीलचा ब्रेक) सैल करून ठेवावा आणि दोराची गुंडाळी उन्हापासून दूर ठेवावी, कारण उन्हाने नायलॉन कमजोर होते. रॉडच्या प्रत्येक कडीतून कापसाचा बोळा फिरवावा. जेथे तंतू अडकतील ती कडी तडकलेली असते आणि तीच पुढे दोर कापते. अशी एक कडी बदलून घेण्याचा खर्च किरकोळ असतो. तो वहीत झिजणाऱ्या सामानाखाली लिहावा, टिकाऊ साधनांखाली नव्हे.