केंटे घेताय? मग या चुका टाळा

सगळ्यात आधी ती कात्री खाली ठेवा. घानात कुमासीला राहायला आल्यापासून आपल्या लोकांना केंटे, म्हणजे इथलं हातमागाचं नक्षीदार कापड, घ्यायला मदत करतेय आणि दरवेळी तेच, कापड भारतात पोचलं की थेट टेलरकडे. अहो, हे मोठ्या पन्ह्याचं कापड नाहीच! अरुंद मागावर साधारण ४ इंची लांबच लांब पट्टी विणतात आणि मग अशा पट्ट्या शेजारी शेजारी लावून शिवतात, पुरुषाच्या मोठ्या कापडात २४ च्या आसपास तरी असतात. प्रत्येक पट्टीची पकड तिच्या दोन किनारींत असते आणि नक्षीचे जास्तीचे धागे वरून घातलेले असतात, त्यामुळे कात्री लागली की धागे सुटायला लागतात.

ओळखीच्या एका ताईंनी मुलाच्या लग्नासाठी बोनवायर या विणकरांच्या गावाहून अद्वेनेआसा केंटे नेलं, म्हणजे नक्षीत रिकामी जागाच नसते तो प्रकार, महाग आणि विणायला प्रचंड वेळ लागणारा. टेलरने जॅकेटसाठी मुंढ्याला गोल कापलं, ओव्हरलॉक मारायला गेला तर मशीनमध्ये धागे ओढले गेले आणि खांद्यापाशी अक्षरशः जाळी झाली. लग्न तोंडावर, मला व्हिडिओ कॉल. म्हटलं, आता कापायचं नाही, उरलेल्या पट्ट्यांमधली शिवण उसवा. दोन अखंड पट्ट्या जोडून नवऱ्या मुलाला उपरणं केलं, छानच दिसलं, पण बाकीचं कापड गेलं ते गेलंच. टेलरला तरी काय बोलणार, त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

मी स्वतः शक्यतो कापतच नाही, शिवण उसवून पूर्ण पट्टी वापरते. अगदीच कापायचं तर रेषेच्या दोन्ही बाजूंना बारीक टाक्यांच्या दोन-दोन शिवणी आधी मारते, मगच कात्री.

जॅकेटच हवंय तर छापील केंटे घ्या, त्यात वाईट काही नाही, फक्त हातमागाचा भाव देऊ नका. पैठणीसारखं उलटं करून बघा, मागे रंग फिका आणि दर ४ इंचांवर शिवण हाताला लागत नाही म्हणजे छापील. आणि एअरपोर्टला जाता जाता 'दहा पीस द्या' म्हणणाऱ्यांना मी मदत करत नाही. बोनवायरला जा, घानातल्याच एवे लोकांचं वेगळं काम बघायचं तर अगोतिमे क्पेटोला जा, विणकर पायाच्या बोटांत दोऱ्या धरून माग कसा चालवतो, समोर लांबवर दगडाच्या वजनाने ताणा कसा ताणलेला असतो ते थांबून बघा. २०२४ मध्ये या विणकामाला युनेस्कोच्या यादीत जागा मिळाली ती उगाच नाही.

नक्षीचं नावही विचारा. घानाचे पहिले राष्ट्राध्यक्ष न्क्रुमा यांच्या पत्नी फातिया यांच्या नावाने ओळखली जाणारी एक नक्षी न्क्रुमांना हटवणाऱ्या १९६६ च्या सत्तापालटानंतर 'एकट्याने देश चालत नाही' अशा अर्थाच्या नावाने ओळखली जायला लागली. हे माहीत नसताना नुसता रंग आवडला म्हणून घेणं मला पटत नाही.

आता ज्या चुकीचं मला मनापासून वाईट वाटतं ती. असांते, म्हणजे इथल्या कुमासी भागातल्या लोकांच्या, अंत्यविधीला पांढरं घालून जाणं. आपल्याकडे दुःखात पांढरं, म्हणून आपले एक गृहस्थ ऑफिसमधल्या सहकाऱ्याच्या आईच्या अंत्यविधीला कडक इस्त्रीचा पांढरा झब्बा घालून गेले, आणि तिथे सगळं अंगण काळं, लाल, तपकिरी. इथे पांढरं म्हणजे आनंद, कृतज्ञता, बाळाचं बारसं. कुणी एक शब्द बोललं नाही, घरातल्या एका आजोबांनी आपल्याकडचं काळं कापड आणून त्यांच्या खांद्यावर टाकलं, बस. खूप वय होऊन गेलेल्या माणसासाठी काळं-पांढरं चालतं, तेव्हा अंदाज बांधू नका, घरच्यांना फोन करून रंग विचारा, विचारलेलं त्यांना आवडतं. झगमगीत केंटे तर त्या दिवशी नकोच.

न्तोन्सो गावचं ठसे मारलेलं अदिंक्रा कापड घेतलंत तर ते धुऊ नका, झाडाची साल उकळून केलेला तो रंग पाण्यात टिकत नाही, नुसतं सावलीत वाऱ्यावर टाका.

केंटेत जरीसारखा चमकता धागा असेल तर गरम इस्त्री अजिबात नको.

घडी दर काही महिन्यांनी बदला.

पुरुषांनी कापड डाव्या खांद्यावर घ्यायचं, उजवा उघडा. घसरतं म्हणून सेफ्टी पिन लावतात, त्याने धागे ओढले जातात. आदल्या दिवशी घरात नेसून तासभर फिरा, डाव्या हाताने सावरायची सवय होते.