हिरवा चुडा आणि हिरवा पडदा: गाण्याच्या व्हिडिओपूर्वीची तयारी

व्हीएफएक्स, म्हणजे चित्रित दृश्यात संगणकाने घातलेले दृश्यपरिणाम, शिकण्यासाठी विद्यार्थ्याने गाण्याचा व्हिडिओ करायला घ्यावा, हे मला योग्य वाटते. त्यात चित्रीकरणाच्या जागी संवाद ध्वनिमुद्रित करावे लागत नाहीत आणि शॉटही लहान असतात. मात्र कॅमेरा हाती घेण्यापूर्वी कागदावर आकडेमोड करावी. सेकंदाला २५ फ्रेम, म्हणजे २५ स्थिर चित्रे, धरल्या, तर साडेतीन मिनिटांच्या गाण्यात ५,२५० फ्रेम होतात. चार सेकंदांच्या एका शॉटच्याच १०० फ्रेम असतात आणि त्यांत गायिकेच्या मोकळ्या केसांची कड हाताने रोटो करायची, म्हणजे फ्रेमगणिक रेखून वेगळी काढायची, वेळ आली, तर सगळा उत्साह त्या केसांतच अडकून पडतो. म्हणून इफेक्टचे शॉट चार, फार तर पाच ठेवावेत आणि प्रत्येकातून वेगळे कौशल्य शिकायला मिळेल असे पाहावे: एक हिरव्या पडद्याचा (ज्यात पडद्याचा रंग काढून मागे दुसरे दृश्य बसवतात), एक हलत्या कॅमेऱ्यावर त्रिमितीय वस्तू बसवण्याचा, एक स्थिर ट्रायपॉडवर तीच व्यक्ती दोनदा दाखवण्याचा. गाणे मित्राने स्वतः रचलेले असावे, म्हणजे हक्कांचा प्रश्न उद्भवत नाही.

पडद्यासाठी कापड शोधायला सोलापुरात अडचण नाही, पण दुकानात गेल्यावर साटिनच्या झळाळीला भुलू नये. न चमकणारे, जाडसर सुती कापड घ्यावे, ते आदल्या दिवशी इस्त्री करून ठेवावे आणि माणूस त्यापासून किमान सहा-सात फूट पुढे उभा राहील एवढी खोली आधीच पाहून ठेवावी. जवळ उभे राहिल्यास हिरवी छटा गालांवर आणि खांद्यांवर उतरते. पडद्यावरचा प्रकाश आणि माणसावरचा प्रकाश वेगळा ठेवावा. फोनचा कॅमेरा साधारणपणे रंगाची माहिती प्रकाशाच्या माहितीच्या चौथ्या हिश्श्याएवढीच साठवतो, त्यामुळे कडा मुळातच ओबडधोबड येतात. त्यात पडद्यावर सावल्या आणि चुण्या असतील, तर कोणतेही सॉफ्टवेअर ती कड सावरू शकत नाही.

वेशभूषेची तपासणी याच वेळी करावी. माझ्या पहिल्या व्हिडिओत नायिका नववधू होती. चित्रीकरण झाले, रात्री कीइंग केले, म्हणजे पडद्याचा हिरवा रंग सॉफ्टवेअरने काढून टाकला, आणि तिच्या मनगटाच्या जागी मागच्या आकाशातले ढग दिसू लागले. हातभर हिरवा चुडा पडद्याबरोबर निघून गेला होता. वधू, हिरवी नऊवारी किंवा तुळशीवृंदावन कथेत असेल, तर पडदा निळा घ्यावा. निळ्या रंगात कॅमेऱ्याचा दाणा, म्हणजे चित्रातला खरखरीतपणा, जास्त येतो, म्हणून प्रकाश थोडा वाढवावा. सोलापुरी चादर अंगावर घेण्याचा मोह इथल्या प्रत्येकाला होतो. तिची नक्षी जवळच्या शॉटमध्ये सुरेख दिसते, पण लांबून बारीक पुनरावृत्त रेघांवर लहरी उमटण्याची शक्यता असते, तेव्हा आधी चाचणी शॉट घेऊन मोठ्या पडद्यावर पाहावा.

कॅमेऱ्यात २५ फ्रेम आणि शटर १/५० सेकंद ठेवावे. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची असल्याने या मांडणीत ट्यूबलाइटचे लुकलुकणे टळते, तर फोनच्या नेहमीच्या ३० फ्रेमवर चित्रातून पट्टे सरकताना दिसू शकतात. फ्रेमचा वेग स्थिर ठेवणारे अॅप वापरावे, अन्यथा ओठ आणि गाणे हळूहळू एकमेकांपासून सुटतात. एक्स्पोजर (प्रकाशाचे प्रमाण), व्हाइट बॅलन्स (रंगांचा समतोल) आणि फोकस कुलूपबंद करावेत, म्हणजे ते आपोआप बदलत नाहीत. डिजिटल स्थिरीकरण बंद ठेवावे. ते प्रत्येक फ्रेम स्वतःच्या हिशेबाने कापते आणि वाकवते, त्यामुळे ट्रॅकिंग करणाऱ्या, म्हणजे चित्रातल्या स्थिर बिंदूंवरून कॅमेऱ्याची हालचाल शोधणाऱ्या, सॉफ्टवेअरला कॅमेऱ्याची खरी हालचाल कळतच नाही. मंद गतीचा शॉट हवा असेल, तर ५० फ्रेमवर चित्रण करावे आणि गाणे दुप्पट वेगाने वाजवून गायिकेला त्यावर ओठ हलवायला लावावे, म्हणजे २५ वर आणल्यानंतर हालचाल संथ होते, पण ओठ मूळ गाण्याशी जुळतात. दुप्पट वेगाचे गाणे ऐकून सगळे हसतातच, म्हणून हा सराव आदल्या दिवशी उरकावा.

जागेची निवड ट्रॅकिंगच्या नजरेने करावी. सिद्धेश्वर तलावाचे पाणी डोळ्यांना कितीही आवडले, तरी हलत्या लाटांवरचे बिंदू सॉफ्टवेअरला फसवतात. काठाच्या पायऱ्या आणि स्थिर दगड फ्रेममध्ये भरपूर यावेत असा कोन धरावा. भुईकोट किल्ल्याच्या दगडी बांधकामाचे कोपरे या कामाला फार चांगले, परंतु ते संरक्षित स्मारक आहे, त्यामुळे ट्रायपॉड नेण्यापूर्वी परवानगीची चौकशी करावी. मंदिर परिसरासाठीही तेच. ड्रोन वापरायचा असेल, तर होटगी रस्त्यावर विमानतळ आहे हे लक्षात ठेवून डिजिटल स्काय या ड्रोनसाठीच्या सरकारी संकेतस्थळाच्या नकाशावर आपली जागा कोणत्या क्षेत्रात येते ते तपासावे. मेच्या दुसऱ्या आठवड्यात इथे दुपारी सूर्य जवळजवळ थेट डोक्यावर येतो, सावली पायाखाली जाते आणि डोळ्यांच्या खोबणी काळ्या पडतात. सकाळी साडेआठपूर्वी किंवा संध्याकाळी पाचनंतर चित्रीकरण ठेवले, तर चेहरा वाचतो आणि संगणकात तयार केलेल्या वस्तूची सावली कोणत्या दिशेला टाकायची, हेही स्पष्ट दिसते.

ज्या कामाचा सर्वांना कंटाळा असतो, ते नोंदवहीचे काम मी कुणा एकाकडेच सोपवतो आणि त्याला दुसरे काहीही करू देत नाही. प्रत्येक शॉटचा क्रमांक, लेन्स, कॅमेऱ्याची उंची आणि झुकाव, कलाकारापर्यंतचे मोजपट्टीने मोजलेले अंतर, वेळ आणि सूर्याची दिशा लिहून घ्यावी. शक्यतो दोन ठळक वस्तूंमधील अंतरही मोजावे, कारण तेवढ्या एका मापावरून त्रिमितीय दृश्याला खरे परिमाण मिळते. मॅट राखाडी रंग दिलेला प्लास्टिकचा चेंडू त्याच जागी धरून काही सेकंद चित्रण करावे, त्यावरून प्रकाश-सावलीचे प्रमाण कळते. त्याशेजारी घरातली चकचकीत स्टीलची पळी पाठीकडून धरली, तर प्रकाश कुठून आणि किती आकाराचा येतो, याचे प्रतिबिंब मिळते. आईने पळी परत मागण्यापूर्वी ती धुवून ठेवावी. कलाकार बाजूला झाल्यावर त्याच चौकटीची रिकामी प्लेटही, म्हणजे माणसाविना नुसत्या जागेचे चित्रण, घ्यावी.

सॉफ्टवेअरवर पैसे घालवण्याची गरज नाही. ब्लेंडर हे त्रिमितीय कामाचे सॉफ्टवेअर विनामूल्य आहे, त्यात कॅमेरा ट्रॅकिंग होते, आणि डाव्हिन्ची रिझॉल्व्ह या संकलनाच्या सॉफ्टवेअरच्या मोफत आवृत्तीत फ्यूजन या विभागात कंपोझिटिंग, म्हणजे वेगवेगळी चित्रे एकत्र जोडणे, करता येते. चित्रीकरणाच्या दिवशीच सर्व फुटेज दोन वेगळ्या डिस्कवर उतरवावे आणि त्यानंतरच कार्ड रिकामे करावे. रेंडरमध्ये, म्हणजे संगणकाने अंतिम चित्र तयार करण्यात, एका फ्रेमला पाच मिनिटे लागत असतील, तर १०० फ्रेमच्या शॉटला आठ तास वीस मिनिटे लागतात, म्हणून उन्हाळ्यात रेंडर रात्री लावावा आणि लॅपटॉप गादीवर न ठेवता फरशीवर, खालून हवा जाईल असा ठेवावा. रेंडर एका व्हिडिओ फाइलमध्ये न करता सुट्या चित्रांच्या मालिकेत करावा. पहाटे वीज गेली, तरी त्रेसष्टाव्या फ्रेमपर्यंतचे काम शाबूत राहते आणि चौसष्टाव्यापासून पुन्हा सुरू करता येते.