मात समोर दिसत असताना प्रतिहल्ला कसा शोधावा

बुद्धिबळात पुढच्याच खेळीत आपल्यावर मात होणार असे दिसताच अनेक खेळाडू घाईने राजा हलवतात आणि चांगला डाव हातचा घालवतात. त्याऐवजी मात नेमकी कोणत्या घरावर आणि कोणत्या मोहऱ्यांच्या जोरावर होणार आहे, हे आधी पाहावे. मग आपल्याला देता येणारा प्रत्येक शह तपासावा. शहाला उत्तर देणे प्रतिस्पर्ध्याला भागच असल्याने, तेवढ्या अवधीत धमकी देणारे मोहरे मारता येते का किंवा आपले मोहरे बचावाच्या जागी आणता येते का, ते शोधावे. उपयोगी शह नसेल, तर मातेची वाट अडवणारी आणि त्याच वेळी मोठ्या मोहऱ्यावर हल्ला करणारी खेळी शोधावी.

उदाहरणार्थ, १. ई४ ई५ २. वजीर एच५, घोडा सी६ ३. उंट सी४ या खेळ्यांनंतर (प्रत्येक क्रमांकात आधी पांढऱ्याची, मग काळ्याची खेळी; नुसते घर लिहिले असेल तिथे प्यादे) पांढऱ्याचा वजीर एफ७ वरील प्यादे मारून मात करू पाहतो. इथे काळ्याला घोडा एफ६ वर आणून वजिरावर हल्ला करण्याचा मोह फार होतो, परंतु वजीर हल्ल्याची पर्वा न करता एफ७ वर मातच करतो. प्यादे जी६ वर सरकवल्यास मात्र कर्णरेषा बंद होते आणि वजिरालाही हलावे लागते. तो एफ३ वर जाऊन पुन्हा तीच धमकी देऊ लागला, की घोडा एफ६ वर आणावा.

शह देण्यास सुरुवात करण्यापूर्वी ते कुठे संपतात, हे मनात शेवटपर्यंत मोजावे. शह संपल्यावर धमकी कायम राहत असेल, तर साधा बचावच करावा.