क्विझच्या खेळात घड्याळ थोडं बाजूला ठेवा

काहूटसारख्या क्विझ गेममध्ये लवकर उत्तर देणाऱ्याला जास्त गुण मिळतात. वर्ग रंगतो हे खरं, पण शांतपणे विचार करणारी मुलं मागे पडतात आणि बाकीची अंदाजाने बटणं दाबू लागतात. म्हणून प्रश्नाची वेळ वाढवा. काहूटमध्ये ती 4 मिनिटांपर्यंत नेता येते.

माझ्या मते खेळातली सगळ्यात मोलाची गोष्ट म्हणजे उत्तरांचा आलेख (कोणता पर्याय किती मुलांनी निवडला ते दाखवणारा), गुणतक्ता नव्हे. ‘0.5 मोठा की 0.45?’ असं विचारलं की बरीच मुलं 0.45 निवडतात, कारण त्यांना 45 हा आकडा 5पेक्षा मोठा दिसतो. आलेखात वर्ग असा विभागलेला दिसला, की तिथेच थांबा. बरोबर उत्तर लगेच सांगू नका. (प्रश्न संपताच ॲप ते स्वतःच दाखवत असेल, तर असे प्रश्न गुणांशिवायच्या मतचाचणीत विचारा.) शेजारच्याला आपलं उत्तर पटवून द्यायला दोन मिनिटं द्या आणि तोच प्रश्न पुन्हा विचारा. हार्वर्डचे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक मझूर यांनी 1990च्या दशकात ही पद्धत रुजवली.

एका तासाला पाच-सहा प्रश्न पुरे.